अकरा पट्टे

फौजदारबाईंना सात वर्षांची शिक्षा झाली, त्या दिवशी शहरात कायदा येत नाही असा एकही माणूस उरला नाही. कालपर्यंत घरातला फ्यूज उडाला की शेजाऱ्याला हाका मारणारे लोक पिस्तुलाचा चाप ओढायला किती जोर लागतो हे छातीठोकपणे सांगू लागले. निम्म्यांच्या मते सात वर्षं म्हणजे थट्टा होती, बाईला जन्मभर आत सडवायला हवं होतं, नाहीतर सरळ लटकवायला. उरलेल्या निम्म्यांच्या मते सात वर्षं म्हणजे घोर अन्याय होता, बाईचा सत्कार व्हायला हवा होता. पोलीस मुख्यालयासमोरच्या चहाच्या दुकानात या दोन्ही निम्म्यांची रोज सकाळी गाठ पडायची आणि दोन्ही निम्मे एकाच किटलीतला चहा पिऊन एकमेकांच्या अकलेचे वाभाडे काढायचे.

कोपऱ्यातल्या बाकावर बसून या सगळ्यांना नावं ठेवायचं काम दाभणकडे होतं. दाभण म्हणजे मुख्यालयाच्या चामडेखात्यातला निवृत्त कारागीर. एकतीस वर्षं त्याने पोलिसांचे पट्टे, पिस्तुलं अडकवायची होल्स्टरं, काठीच्या वाद्या असलं सगळं हाताने शिवलं. दाभण हे नाव त्याला हातातल्या सुईवरून पडलं की तोंडातल्या जिभेवरून, याबद्दल खात्यात वाद होता. जिभेवरून म्हणणारे जास्त होते.

"तुम्हाला पायातली चप्पल डावी की उजवी हे खाली बघितल्याशिवाय कळत नाही," तो फाशीवाल्यांना म्हणायचा, "आणि निघालात बाईला लटकवायला!" मग दुसऱ्या बाकाकडे वळून, "आणि तुम्ही सत्कार करणार म्हणे. मग मेलेल्या पोराच्या बापाला अध्यक्ष करा. दोन शब्द बोलेल बिचारा."

लोक हसायचे. दाभण खुशीत यायचा, दुसरा कप मागवायचा. सगळ्यांची खोड काढून झाली की घरी जायचा. एक गोष्ट तेवढी तो कुणालाही सांगत नव्हता. ज्या पट्ट्यावरून हे सगळं महाभारत घडलं, तो पट्टा त्यानेच शिवला होता.

झालं होतं ते असं. भर दुपारी बाजाराच्या चौकात फौजदारबाईंनी एका स्कूटरवाल्याला अडवलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करायचा. स्कूटरचे कागद घरी राहिले होते. शब्दाने शब्द वाढला, बाईंनी त्याचं मनगट धरलं, त्याने ते सोडवून घेतलं आणि स्कूटर सुरू केली. बाईंच्या कमरेला दोन हत्यारं होती. एक खरं पिस्तूल, आणि दुसरं विजेचा धक्का देणारं, ज्याला खात्यात सगळे 'झटका' म्हणतात. झटक्याने माणूस घटकाभर आडवा होतो आणि उठून बसतो. बाई नियमाप्रमाणे "झटका! झटका!" असं दोनदा ओरडल्या, हत्यार काढलं आणि चालवलं. निघालं ते पिस्तूल होतं, आणि मुलगा जागच्या जागी गेला.

घरी राहिलेल्या कागदांसाठी माणसाला विजेचा धक्का तरी कशाला द्यायचा, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. तो साधा होता, त्यावर टीव्हीवर तासभर भांडता आलं नसतं.

कोर्टात बाई आपल्या बचावात एकच वाक्य बोलल्या. "हाताला फरक कळला नाही." झालं, शहराला खेळणं मिळालं. शाळेत पोरं दुसऱ्याचा डबा खाऊन म्हणायची, हाताला कळलं नाही. ऑफिसात साहेबाचा पेन खिशात टाकणारा म्हणायचा, हाताला कळलं नाही. सरकारी वकिलाने दोन्ही हत्यारं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, एक काळं, एक पिवळंधमक, आणि डोळे विस्फारून विचारलं, "काळं आणि पिवळं कळत नाही?" सगळं कोर्ट हसलं. बाईंची नजर तेव्हा पळणाऱ्या स्कूटरवर होती, आणि कमरेचं हत्यार डोळा शोधत नाही, हात शोधतो, हे तीन तज्ज्ञ आले तरी एकालाही सुचलं नाही. त्यांनी हत्यारांची वजनं केली, लांबी मोजली, कागदावर तक्ते काढले. पट्टा नंबराची चिठ्ठी लावून टेबलाच्या कडेला पडला होता. तो कुणी कमरेला बांधून बघितला नाही.

"पट्ट्यात बदल कुणी केला?" एवढं मात्र वकिलाने विचारलं होतं.

"मी करून घेतला," बाई म्हणाल्या.

"कुणाकडून?"

"त्याने काय फरक पडतो? पट्टा माझ्या कमरेला होता."

वकिलाला जेवायला जायचं होतं. त्याने पुढे विचारलं नाही.

आणि मग मुलाच्या वडिलांचं ते वाक्य. वडील निवृत्त बसड्रायव्हर. कोर्टाच्या पायऱ्यांवर दहा माइक तोंडात कोंबल्यावर ते म्हणाले, "मी तीस वर्षं बस चालवली. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच पायाने दाबले. एकदाही चुकलो नाही." यापुढे ते मुलाबद्दल काही सांगायला लागले होते, पण तेवढ्यात जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी हे वाक्य फलकांवर आलं, रिक्षांच्या पाठीवर आलं, टी-शर्टांवर आलं. बाईच्या बाजूच्या लोकांनी लगेच शोधून काढलं की त्याच मार्गावर पूर्वी कधीतरी एक बस खांबाला धडकली होती. ती दुसऱ्याच ड्रायव्हरची होती, पण वादात तेवढं चालतं.

दाभणने पट्टा टीव्हीवर पाहिला, तेव्हा तो जेवत होता. घास तोंडातच राहिला. पडदाभर तो पट्टा, त्यावर दोन होल्स्टरं, एकाच चामड्याची, एकाच उंचीवर, एकाच तिरपीत. आणि दोन्हींवर मोठी पितळी बटणं.

त्या बटणांची गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. झटका खात्यात नवीन आला, तेव्हा त्याच्याबरोबर कंपनीचं प्लॅस्टिकचं खोकं आलं होतं. ते डाव्या बाजूला लावायचं, आणि उघडायला बोटाने एक खटका दाबायचा, असा नियम. नियमाचा छापील कागद चामडेखात्याच्या भिंतीवर लावलेला होता. दाभण त्याच खिळ्यावर आपला एप्रन अडकवायचा, त्यामुळे कागदाचं फक्त वरचं शीर्षक दिसायचं. काही दिवसांतच पोलीस कुरकुर करायला लागले. गस्तीच्या गाडीत आठ आठ तास बसायचं, आणि डावीकडचं ते ढब्बं खोकं सीटबेल्टच्या कडीवर आपटून बरगडीत घुसायचं. मग एकेक जण मागच्या दाराने यायला लागला. "काका, जरा उजवीकडे घ्या ना. साहेबांना कळायला नको."

असे अकरा जण आले. बाई त्यातल्या शेवटच्या. त्यांची पाठ धरली होती, वाकून उभ्या होत्या.

आता गंमत अशी की दाभणने नुसतं खोकं काढून उजवीकडे लावलं असतं, तरी चाललं असतं. पण त्याच्यातला कलावंत जागा झाला. "असली साबणाची डबी माझ्या पट्ट्यावर?" असं म्हणून त्याने ती अकराच्या अकरा खोकी भंगारात टाकली, आणि झटक्यासाठी चामड्याची होल्स्टरं शिवली. चामडं भिजवायचं, हत्याराच्या लाकडी साच्यावर ताणून बसवायचं, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत कडा काढायच्या, दोन दिवस सावलीत वाळवायचं. मग मेण लावलेल्या दोऱ्याने इंचाला आठ टाके. पिस्तुलाच्या होल्स्टरला जे बटण, तेच झटक्याच्या होल्स्टरलाही. झटक्याची मूठ जरा बारीक होती, म्हणून त्याने आतून चामड्याची एक जास्तीची पट्टी लावली. अंगठा टेकवायची जागासुद्धा दोन्हीकडे सारखी करून दिली. कुणी सांगितलं नव्हतं. जोडी शोभली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

बाई पट्टा न्यायला आल्या, तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "डोळे मिटून हात घाला मॅडम. कुठलं कुठलं ते ओळखू यायचं नाही!"

बाईंनी घड्याळाकडे बघितलं, "छान छान" म्हणाल्या आणि गेल्या. नीट बघितलंही नाही म्हणून दाभण दोन दिवस फुरंगटून बसला होता. इतकं देखणं काम, आणि एका माणसाने हात लावून बघू नये, याचं त्याला वाईट वाटलं होतं. पुढच्या महिन्यात तो निवृत्त झाला, आणि वर्षभराने तो मुलगा मेला.

तेव्हापासून चौदा महिने दाभण चहाच्या दुकानात बसून जगाला टोचत होता. त्याची जीभ इतकी धारदार पूर्वी कधी नव्हती. स्वतःकडे कुणाचं लक्ष जाऊ नये, तर दुसऱ्याकडे बोट दाखवत राहावं, ही युक्ती शहरात सगळेच वापरत होते, त्यात तो काही वेगळा नव्हता. बाईंनी नाव घेतलं नाही, याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला होता. नाव नाही म्हणजे संबंध नाही.

शिक्षेनंतरच्या रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई विमा विकायचा, आणि आपण विनोदी आहोत असा त्याचा ठाम समज होता. जेवता जेवता तो उठला, कमरेच्या एका बाजूला चमचा आणि डाव दोन्ही खोचले, "झटका! झटका!" असं ओरडत समोर बघत हात मागे नेला आणि डाव उपसून मुलीवर रोखला. "अरेच्चा! हाताला कळलंच नाही!"

मुलगी हसून लोटपोट झाली. सगळ्यात मोठ्याने दाभण हसला. बायको तेवढी हसली नाही. तिने जावयाच्या हातातून डाव काढून घेतला आणि भांड्यात ठेवला.

ते दोघं गेल्यावर भांडी विसळताना ती म्हणाली, "अहो, तो पट्टा तुमचाच ना?"

"कुठला पट्टा?"

"एकतीस वर्षं तुमच्या दोऱ्याला मेण मी लावलंय. टीव्हीवर आला म्हणून तुमचा टाका मला ओळखू येणार नाही होय?"

"हळू बोल जरा."

"का? बाई आत आहेत. त्यांना ऐकू जायचं नाही."

आयुष्यभर ज्याने सगळ्यांची तोंडं बंद केली, त्याचं तोंड बायकोने ओल्या हातांनी बंद केलं.

"दोन्ही सारखी केलीत ना तुम्ही?" ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं, अहो, एकाला वेगळं बटण लावा. तुम्ही म्हणालात, तुला कारागिरीतलं काय कळतं."

ती असं म्हणाली होती. दाभण विसरला होता, म्हणजे विसरायला त्याला बरेच कष्ट पडले होते.

"बाईंनी माझं नाव नाही घेतलं," तो पुटपुटला.

"त्यांनी नाही घेतलं. मग तुमचं तोंड कुणी शिवलंय?"

दुसऱ्या दिवशी तो 'फौजदारबाई बचाव समिती'च्या कचेरीत गेला. समितीचा अध्यक्ष रस्त्यांचा कंत्राटदार होता, आणि बाईंना तो आयुष्यात एकदाच भेटला होता, तेही त्याच्या ट्रकला दंड झाला तेव्हा. दाभणने सगळं सांगितलं. बटण, जोडी, अंगठ्याची जागा. अध्यक्षाने उठून आधी दार लावलं.

"काका, हे अजून कुणाला बोललात?"

"बायकोला."

"त्यांना म्हणावं, गप्प राहा. अहो, आपलं म्हणणं काय? बाई नियमाने चालणाऱ्या, चोख अधिकारी. आणि तुम्ही पुन्हा उकरून सांगताय, त्यांनी नियम मोडून पट्टा फिरवून घेतला!"

"पण हाताला कळलं नाही, हे त्या खरं बोलल्या, हे त्यावरूनच तर..."

"असेल हो खरं. तीन आठवड्यांवर अपील आलंय. आता खऱ्याखोट्याचं लचांड मध्ये कशाला आणता?"

तिथून तो रस्ता ओलांडून 'मीटरवाला न्याय मंच'कडे गेला. दोन्ही कचेऱ्या समोरासमोर होत्या आणि दोघांचे फलक छापणारा एकच होता. त्याची मात्र कुणाबद्दलच तक्रार नव्हती. मंचाचे सरचिटणीस कॉलेजात शिकवायचे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्यांच्या मागे भिंतभर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचं चित्र होतं.

"म्हणजे दोष बाईचा नाही, बटणाचा," ते म्हणाले. "मग दोन बटणांना तुरुंगात पाठवू या का?"

"तसं कुठे म्हणतोय मी साहेब? बाईंचा दोष आहेच. माझाही आहे, एवढंच सांगतोय."

"अहो काका, मोर्चाला एक तोंड लागतं आणि घोषणेला एक नाव. लोकांना दोन दोन गुन्हेगार दिले की ते घरी जातात." मग त्यांनी आपुलकीने चहा मागवला. "चहा घेऊन जा हं."

दाभणने चहा घेतला नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. खाली रस्त्यावर येऊन त्याने दोन्ही कचेऱ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि मनातल्या मनात दोघांनाही अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. एकाला बाई हवी होती, पण खरी बाई नको होती. दुसऱ्याला मेलेला मुलगा हवा होता, पण तो कसा मेला हे नको होतं. आणि आपल्याला काय हवं होतं, असं त्याने स्वतःला विचारलं, तेव्हा उत्तर फारसं बरं आलं नाही. आपल्याला कुणीतरी "जाऊ द्या काका, तुमची काय चूक" असं म्हणायला हवं होतं. म्हणून तो चुकीच्या दारात गेला होता. दार एकच होतं, आणि तिथे जायची त्याची छाती होत नव्हती.

चार दिवस तो चहाच्या दुकानात फिरकला नाही. ट्रंकेतले जुने लाकडी साचे काढले, उरलेलं चामडं भिजवलं आणि तोच पट्टा पुन्हा शिवला. तीच होल्स्टरं, तीच बटणं. बायको दोऱ्याला मेण लावत समोर बसली होती.

पाचव्या दिवशी सकाळी पट्टा पिशवीत घालून तो मुलाच्या वडिलांच्या, त्या ड्रायव्हरच्या घराकडे निघाला. गल्ली सापडेना, म्हणून नाक्यावरच्या पोलिसाला विचारलं.

"अरे, काका!" पोलीस खूश झाला. त्याने पत्ता सांगितला आणि कमरेवर थाप मारली. "बघा, अजून नवाकोरा आहे. तुमच्या हाताला तोड नाही."

दाभण कसनुसा हसला आणि पुढे गेला.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार ड्रायव्हरनेच उघडलं. दाराच्या मागे खुंटीला मीटरवाल्याची पिशवी तशीच टांगलेली होती, त्यातून बॅटरी आणि मीटरवरचं झाकण उचलायचा लोखंडी आकडा डोकावत होता.

"कुठल्या पेपरचे?" ड्रायव्हरने विचारलं.

"पेपरचा नाही. मी पोलिसांच्या चामडेखात्यात होतो. बाईंचा पट्टा मी शिवला होता."

ड्रायव्हर आत गेले, गॅस बंद केला आणि बाहेर येऊन खुर्ची पुढे ओढली. "सांगा."

दाभणने सांगितलं. या वेळी त्याने काही गाळलं नाही. एप्रनखाली झाकलेला नियमाचा कागद सांगितला, बायको काय म्हणाली होती ते सांगितलं, बाईंना अभिमानाने काय म्हणालो तेही सांगितलं. ते वाक्य उच्चारताना त्याची मान खाली गेली. मग पिशवीतून पट्टा काढून त्याने टेबलावर ठेवला. होल्स्टरांमध्ये लाकडी साचे होते.

ड्रायव्हरनी पट्टा कमरेला बांधला. खिडकीबाहेर बघत उजवा हात खाली नेला. अंगठ्याने एक बटण उघडलं. बंद केलं. हात काढून घेतला, पुन्हा नेला, दुसरं उघडलं. असं ते बराच वेळ करत राहिले. टक, टक, टक. मग डोळे मिटून केलं. आवाजसुद्धा सारखा होता.

"ब्रेकचं पेडल वर असतं," ते एकदम म्हणाले. "रुंद असतं. ॲक्सिलरेटर खाली आणि अरुंद. बघावं लागत नाही, पायाला कळतं." ते खुर्चीत बसले. "मी त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात बोललो, कधी चुकलो नाही म्हणून. मी कसा चुकणार होतो? ज्याने बस बनवली, त्याने आधीच डोकं चालवून ठेवलं होतं."

त्यांनी दाभणकडे बघितलं.

"तुम्ही का नाही चालवलंत?"

"जोडी चांगली दिसावी म्हणून," दाभण म्हणाला.

ड्रायव्हरनी शिलाईवरून बोट फिरवलं, कडेपासून कडेपर्यंत, सावकाश. "दिसते," ते म्हणाले. "काम फार चांगलं आहे."

पट्टा शिवल्यापासून दाभण एका माणसाची वाट बघत होता, जो त्या जोडीला हात लावून बघेल आणि असं म्हणेल. तो माणूस हा निघाला. दाभणला वाटलं, याने त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो हात जोडून काहीबाही बोलायला लागला.

"रडू नका," ड्रायव्हर तुटकपणे म्हणाले. "घरी येऊन रडणारी माणसं सांभाळून मी दमलोय."

"मी कोर्टात सांगतो. अपिलात उभा राहून सगळं सांगतो."

"सांगा. बाईंचं त्याने भलं होवो की वाईट, मी त्यात नाही. कागदांसाठी माझ्या मुलाच्या अंगावर झटका तरी का काढला, हे मी त्यांना विचारणार आहे ते आहेच." त्यांनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "असे पट्टे किती शिवलेत?"

"अकरा."

"एक कोर्टात आहे."

"हो."

"मग बाकीचे दहा कुठे आहेत?"

चौदा महिने झाले होते. एक कोर्ट, तीन तज्ज्ञ, दोन समित्या, टीव्हीवर रोजची भांडणं, हजारो टी-शर्ट. बाईला किती वर्षं द्यायची यावर शहरातल्या शेंबड्या पोरालाही मत होतं. दहा पट्टे कुठे आहेत, हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि बाकीच्यांना कशाला नावं ठेवायची? त्यांना निदान माहीत नव्हतं. दाभणला अकराही पट्टे पाठ होते, कुणाची कंबर किती इंचांची तेसुद्धा. पण चौदा महिने तो फक्त एकाच पट्ट्याचा विचार करत बसला होता, ज्याच्यामुळे आपलं नाव पुढे आलं असतं त्याचा. आत्ता, जिना चढायच्या आधी, त्यातल्याच एकाने कमरेवर थाप मारून त्याला दाखवला होता, आणि तो हसून पुढे आला होता.

"एक खाली नाक्यावर उभा आहे," तो म्हणाला.

ड्रायव्हर उठले होते, चपला शोधत होते. "हत्यारं आहेत का बरोबर?"

"पाती आहे. दाभण आहे."

"चला मग."

नाक्यावरच्या पोलिसाला ड्रायव्हरनी फक्त एवढंच सांगितलं, "मी त्या मीटरवाल्याचा बाप." पोलिसाचा चेहरा उतरला. त्याने मुकाट्याने पट्टा सोडून दिला. दाभण नाक्यावरच्या कट्ट्यावर बसला आणि झटक्याच्या होल्स्टरचे टाके एकेक करून कापायला लागला. इतके घट्ट घातले होते की पाती सरकत नव्हती.

"मला माहीत होतं काका," पोलीस हळूच म्हणाला. "ती बातमी आली तेव्हापासून मी झटका गाडीतच ठेवतो. पट्ट्यावर नुसतं रिकामं आहे बघा."

"मग बोलला का नाहीस कुणाला?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

दाभणने खाली मान घालून उरलेले टाके कापले.

तिथून दोघं मुख्यालयाच्या फाटकावर गेले. पाळी बदलायची वेळ होती. दाभण एकेकाला नावाने हाक मारत होता, ड्रायव्हर पट्टा हातात घेऊन ताणून धरत होते, आणि फाटकासमोरच्या दुकानातले दोन्ही निम्मे चहा सोडून बघायला आले. कुणीतरी ड्रायव्हरना ओळखलं. मंचाचे सरचिटणीस माइक घेऊन धावत आले, समितीचा अध्यक्ष त्यांच्या मागोमाग. हे काय चाललंय, याचा अर्थ काय, यामागे कोण आहे, असं दोघंही एकदम विचारायला लागले.

"बाजूला सरका," ड्रायव्हर म्हणाले. "उजेड अडवताय."

चार वाजेपर्यंत नऊ पट्टे झाले. कापलेली होल्स्टरं दाभणच्या पायाशी पडली होती. एकेक इतकं देखणं, की बघत राहावं. तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"दहावा?" ड्रायव्हरनी विचारलं.

"त्याची बदली झाली. धरणाजवळच्या ठाण्यात. आता उद्या सकाळी..."

"तो आत्ता ड्यूटीवर असेल की नाही?"

"असेल."

"मग उद्या कशाला? सव्वाचारची गाडी आहे," ड्रायव्हर म्हणाले आणि स्टँडच्या दिशेने चालायला लागले. दाभणने पाती पुसून पिशवीत टाकली आणि त्यांच्या मागे पळत सुटला.